शेवटच्या बारा पिशव्या

मावशी पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या कॉलेजच्या मागच्या झाडीत, गुडघे टेकून बसलेल्या. हातात रंगकामाचा बारीक ब्रश आणि समोर वर्तमानपत्रावर एक सडकं पान. तान्ह्या बाळाचं नाक पुसावं तशा बेताने त्या त्या पानावरची माती झाडत होत्या. दोन हात मागे एक माळी दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. या कधी उठतात आणि मी कधी झाडतो, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वहिनी, ते पान आता काही गोरं व्हायचं नाही."

मावशींनी वर न बघता उत्तर दिलं, "तुमचं तोंडही बंद व्हायचं नाही, भाऊजी. मी काही बोलते का?"

हे वहिनी-भाऊजी नुसते म्हणायचे नव्हते. माळी हा मावशींचा सख्खा धाकटा दीर. अकरा वर्षांपूर्वी प्राचार्यसाहेबांच्या मागे लागून त्याला कॉलेजात चिकटवला तो मावशींनीच, आणि गेली सहा वर्षं त्या स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होत्या. कारण मावशींचं काम होतं पाचोळा जपायचं आणि दिराचं काम होतं पाचोळा झाडायचं.

कॉलेजात सगळे त्यांना पाचोळामावशी म्हणत. ठेवणाऱ्याने ते नाव टोमणा म्हणून ठेवलं होतं, पण ते इतकं चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नव्या कारकुनाने "ह्या कोण, सोडून गेल्या का?" असं विचारलं होतं. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचेची भांडी धुणं, विद्यार्थ्यांनी फोडलेल्या नळ्यांची यादी करणं, सूक्ष्मदर्शकांवर संध्याकाळी टोप्या घालणं. त्यात सहा वर्षांपूर्वी हे पाचोळ्याचं काम येऊन पडलं आणि मग बाकीची सगळी कामं त्यांना मधल्या वेळेतली वाटू लागली.

काम सुरू केलं वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या सरांनी. सर बोलायला फार सोपे. मावशींना त्यांनी एका दुपारी समजावलं होतं, झाडी म्हणजे मोठं स्वयंपाकघर. झाडं ऊन-पाणी घेऊन वर्षभर शिजवत असतात. किती शिजवलं ते मोजायला झाडांखाली जाळीच्या टोपल्या मांडायच्या, वरून जे जे पडेल ते गोळा करून, वाळवून तोलायचं. मग खाली पडलेलं ते सगळं जमीन पचवते, आणि पचलेल्यावरच झाडांचा पुढचा स्वयंपाक होतो. किती पचलं ते मोजायला पिशव्या. वीतभर जाळीची पिशवी, आत बरोबर दहा ग्रॅम वाळलेली जाड पानं, क्रमांक कोरलेली पत्र्याची चकती. अशा दोनशे अठ्ठ्याऐंशी पिशव्या जमिनीवर पाचोळ्याखाली ठेवायच्या आणि दर तीन महिन्यांनी बारा उचलायच्या. आतलं पान स्वच्छ करायचं, ओव्हनमध्ये दोन दिवस सुकवायचं, तोलायचं. दहातले किती उरले ते वहीत लिहायचं.

"हे सहा वर्षं, सर?" मावशींनी तेव्हा विचारलं होतं.

सर म्हणाले होते की पहिलं वर्ष सगळेच मोजतात, तेव्हा पान भराभरा संपतं, मोजणाऱ्यालाही हुरूप येतो. पण शेवटी जे चिवट उरतं ते संपतं की तसंच बसून राहतं, हे बघायला कोणी थांबत नाही. आपण थांबू.

मावशींना हे पटलं. संसारात त्यांनीही हेच पाहिलं होतं, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच लक्ष असतं.

पिशव्या शिवल्या मावशींच्या नवऱ्याने. तो शिंपी. मच्छरदाणीचं कापड आणून त्याने त्या एका आठवड्यात शिवून दिल्या, आणि वर म्हणाला, "लोकांचे कपडे टिकावेत म्हणून शिवतो, आणि बायकोसाठी हे, आत घातलेलं सडावं म्हणून." शिवण इतकी सुबक की सरांनी चष्मा वर करून पाहिली. फक्त दोरा सुती होता. चार महिन्यांत पानांबरोबर दोराही सडला, पिशव्या उसवल्या आणि पानं मोकळी झाली. एवढे हुशार सर, एवढा कसबी शिंपी, पण सडण्याचा प्रयोग सडणाऱ्या दोऱ्याने शिवू नये हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं, नायलॉनच्या दोऱ्याने. त्या दिवसापासून घरात कुठलाही कपडा उसवला की मावशी नवऱ्याकडे नुसतं बघत. तो म्हणे, "कळलं, कळलं."

पुढची सहा वर्षं मावशी कोणाशी ना कोणाशी भांडतच होत्या. ओव्हन पासष्ट अंशांवर लावून गेलं की जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्यात डबा गरम करायला ठेवी. मावशींनी दारावर कागद चिकटवला, तर डबा कागदाखालून आत जाऊ लागला. एकदा बारा नमुन्यांना कालवणाचा वास आला. वजनकाट्याच्या काचेच्या झाकणाची खिटी मोडलेली होती, डोक्यावर पंखा, आणि पंखा बंद केला की शेजारच्या टेबलावरच्या बाई पदराने वारा घेत सुस्कारे सोडत. ग्रॅमचा शंभरावा भाग तोलताना माणसाने सुस्कारा सोडू नये, हे कोणाला कसं सांगायचं? विद्यार्थ्यांची तर वेगळीच तऱ्हा. एकाने माती नीट न झाडता पानं तोलली, तर पिशवीतलं वजन तीन महिन्यांत वाढलं. तो पोरगा धावत आला, पान वाढतंय म्हणाला. मावशी म्हणाल्या, "मेलेलं पान वाढत नसतं, बाळ. तू शेतच तोललंस." तेव्हापासून झाडायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही.

सर चौथ्या वर्षी निवृत्त झाले. जाताना वही मावशींच्या हातात दिली, विभागप्रमुखांच्या नाही. त्यांच्या जागी आल्या त्या नव्या मॅडम. चाळिशीच्या, चटपटीत. वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मागे दर महिन्याला काही ना काही भरून द्यायचा तगादा असे, आणि त्या तो तगादा पुढे सरकवत. पाचोळ्याच्या प्रयोगाचा निबंध आपण लिहून छापायला पाठवू, असं त्यांनी ठरवलं, त्यात चूक काही नव्हतं.

आकडेही आता बघण्यासारखे झाले होते. दहातले पहिल्या वर्षी साडेपाच उरले, दुसऱ्या वर्षी साडेतीन, मग उतार मंदावला. साडेचार वर्षांना दोन ग्रॅम आणि वर थोडे. पाच वर्षांना दोन. पुढच्या तिन्ही खेपांना दोनच्या आसपास, कधी किंचित वर, कधी किंचित खाली. थांबलं, की इतकं हळू चाललंय की दिसत नाही? ते शेवटच्या बारा पिशव्या सांगणार होत्या. मावशींची निवृत्ती त्यानंतर चार महिन्यांनी. सर अधूनमधून फोन करून विचारत, "अजून आहेत ना जागेवर?" मावशी म्हणत, "मी आहे ना जागेवर."

पिशव्यांची जागा दाखवायला लोखंडी खुंट्या हव्या होत्या. त्यासाठी मावशींनी तीनदा अर्ज दिला. पहिल्यावर शेरा आला, नंतर पाहू. दुसरा हरवला. तिसऱ्यावर विचारणा आली की खुंट्या कायमस्वरूपी आहेत की तात्पुरत्या. तोपर्यंत मावशींनी घरच्या लाल कापडाच्या चिंध्या काढून प्रत्येक पिशवीशेजारच्या काडीला बांधल्या होत्या. दिराला बजावलं होतं, जिथे लाल चिंधी असेल तिथे दाताळं लावायचं नाही. एकदा नाही, दर आठवड्याला. तो कंटाळून म्हणायचा, "वहिनी, लाल चिंधी म्हणजे हात नाही. झोपेतसुद्धा पाठ आहे." आणि खरंच सहा वर्षांत त्याने एकाही चिंधीजवळ दाताळं नेलं नव्हतं. मोकळी जमीन बघून त्याला समाधान वाटे. चिंध्यांभोवतीची ती पाचोळ्याची बेटं त्याच्या डोळ्यांत खुपत, पण शब्द दिला होता.

शेवटच्या बारा पिशव्या उचलायला दहा दिवस राहिले असताना मावशींना परीक्षेच्या कामाला लावलं. दुसऱ्या इमारतीत, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पुरवण्या वाटायच्या आणि पाणी द्यायचं. त्या मॅडमना म्हणाल्या, रोज एक चक्कर मारायला अर्धा तास द्या. मॅडम म्हणाल्या, दहा दिवसांत पानं कुठे पळून जातात?

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी परिसर स्वच्छता स्पर्धेत नाव घातलं. ज्या विद्यार्थ्यांची परीक्षा नव्हती त्यांना पोती देऊन झाडीत सोडलं. प्लास्टिक, कागद, कापड, सगळं उचला. मुलांनी मन लावून काम केलं. काड्यांना बांधलेल्या बारा मळक्या लाल चिंध्याही त्यांनी सोडवून पोत्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी माळी दाताळं घेऊन आला. त्याने सगळीकडे नीट बघितलं. लाल काही दिसलं नाही. मग सहा वर्षांची हौस फेडल्यासारखं त्याने सगळं रान आरशासारखं झाडून काढलं.

दहाव्या दिवसापासून परीक्षेला तीन दिवस सुट्टी होती. मावशी ब्रश, चिमटा आणि बारा पाकिटं घेऊन झाडीत गेल्या. जमीन इतकी स्वच्छ होती की झाडांची मुळं उघडी पडल्यासारखी वाटत होती. त्या दिराला शोधत गेल्या. तो नळावर हात धूत होता.

"पिशव्या कुठे आहेत?"

"कुठल्या?" मग त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, पण बोलला तो खरंच. "वहिनी, चिंधी असेल तिथे हात लावायचा नाही म्हणालात. चिंधी नव्हती."

"मी सहा वर्षं तुम्हाला पिशव्या दाखवत होते!"

"पिशव्या तुम्ही पाचोळ्याखाली ठेवता. मला चिंधीच दिसते. चिंधी बघ, पिशवी बघू नको, हेही तुम्हीच सांगितलेलं. उगाच उचकून बघायचो म्हणून."

हे मावशींनीच सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. त्यांना आठवलं आणि त्यामुळे राग आणखीच वाढला, कारण आता तो पूर्ण दिरावर काढायचीही सोय राहिली नव्हती.

झाडलेला पाचोळा कुंपणाजवळच्या ढिगात होता. छातीइतका ढीग, वर ताजं कापलेलं गवत. मावशींनी पदर खोचला. वहिनी-दीर दोघं मिळून दोन दिवस तो उपसत होते. ढीग आतून तापलेला होता, वाफ येत होती. गवत आणि पानं एकत्र ओली रचली की ढिगाला ताप चढतो, हे माळ्याला माहीत होतं, त्यात त्याला अभिमानही होता. त्या दोन दिवसांत तो अभिमानाचं काही बोलला नाही. सात पिशव्या सापडल्या. दोन फाटून त्यांत गवत घुसलं होतं. बाकीच्या पाच बाहेरून धड होत्या, पण आतलं सगळं लिबलिबीत, कोमट, काळं. न सापडलेल्या पाच पिशव्यांपैकी एकीची नुसती चकती मिळाली, दोनशे एक्याऐंशी.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कपाळ धरलं. मग विचार करून म्हणाल्या की धड पाच आहेत ना, पाच पुरतात, तोलून टाका. निबंध पंधरा दिवसांत पाठवायचा होता.

मावशी म्हणाल्या, "त्या झाडीत नव्हत्या, मॅडम. नऊ दिवस ढिगात होत्या. ढिगातलं सडणं वेगळं."

"नऊच दिवस. सहा वर्षांत नऊ दिवसांनी काय फरक पडतो?"

"तेच माहीत नाही ना. माहीत असतं तर वजा केलं असतं."

मॅडमचा आवाज चढला. त्या म्हणाल्या की सहा वर्षांचा प्रयोग म्हणून नाव दिलंय, शेवटचा आकडाच नसेल तर लोक हसतील, आणि ढीग कोणी बघायला येणार आहे का. मग थोडं खाली येऊन म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चार महिन्यांनी घरी जाणार. मला इथे राहायचंय."

हे ऐकून मावशींना त्यांची दया आली. पण आकडा द्यायचा म्हणजे काय द्यायचं? पिशवीत दीड ग्रॅम भरलं तर लोक म्हणतील, बघा, चिवट भागही संपतो. अडीच भरलं तर म्हणतील, संपत नाही. आणि खरं काय, तर गवत आणि वाफ. त्यांनी पाचही पिशव्या नेहमीसारख्या झाडल्या, सुकवल्या, तोलल्या. मग वहीत लिहिलं, पण आकड्यांच्या रकान्यात नाही. खाली आडव्या ओळीत लिहिलं की बारापैकी या पाच पिशव्या नऊ दिवस कुंपणाजवळच्या गरम ढिगात होत्या, वजनं पुढीलप्रमाणे, झाडीची म्हणून धरू नयेत. सही केली. तारीख घातली. वही मॅडमच्या टेबलावर ठेवून त्या पुरवण्यांचे गठ्ठे मोजायला परत गेल्या, कारण परीक्षा अजून संपली नव्हती.

तिसऱ्या दिवशी निबंधाच्या शीर्षकात सहाच्या जागी 'पावणेसहा वर्षे' असं झालं. एवढं त्यांनी केलं. त्या म्हणाल्या, "कानाला कसं विचित्र लागतं, पावणेसहा." मावशींनाही ते विचित्रच लागलं होतं.

सर्वांत अवघड होतं सरांना सांगणं. सर मुलाकडे राहत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत. आता पासष्टीला टेकले होते, तब्येतीने त्याहून थकलेले. मावशी चप्पल काढेपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही.

"किती उरलं?"

मावशींनी सगळं सांगितलं, चिंध्यांपासून. सर ऐकत होते तोवर ठीक होतं. मग एकदम चिडले. "चिंध्या? प्रयोगाला चिंध्या कोण बांधतं, मावशी?"

"खुंट्यांचा अर्ज तीनदा दिला, सर. पहिल्यावरच्या 'नंतर पाहू'खाली तुमचीच सही होती."

सूनबाई चहा ठेवून गेल्या, तो दोघांनीही घेतला नाही. मग सरांनी विचारलं, "ढिगातून काढल्या तेव्हा हाताला कशा लागल्या?"

"गरम. चहाच्या भांड्याला बाहेरून हात लावावा तशा."

"मग ते आकडे नकोत. बरोबर केलंत." मग म्हणाले, "पुन्हा भरायला हव्यात."

"सर, सहा वर्षं."

"मला बेरीज येते, मावशी."

त्या घरी आल्या त्या तणतणतच. नवऱ्याला म्हणाल्या, सगळ्यांना बेरीज येते, खुंट्या तेवढ्या कोणाला देता येत नाहीत. नवऱ्याने मच्छरदाणीचं उरलेलं कापड कपाटावरून काढलं, आणि दोरा दाखवून म्हटलं, "हा नायलॉनचाच आहे. तू एकदा बघून घे, म्हणजे सहा वर्षांनी माझ्याकडे बघायला नको."

चार महिन्यांत मावशींनी बाहत्तर पिशव्या भरल्या. आधीच्या चौथ्या हिश्शाने, दर खेपेला तीन. एवढंच एका बाईला झेपेल असं त्यांनी ठरवलं. मॅडमकडे परवानगी मागितली, तर त्या म्हणाल्या की जागा देते, माणूस देऊ शकत नाही. खुंट्या केल्या दिराने, मोडक्या छत्र्यांच्या काड्या वाकवून, आणि त्या पिशवीच्या जाळीतून आरपार जमिनीत ठोकल्या. ठोकताना तो म्हणाला, "वहिनी, आता चिंधी नको, रंग नको, काही नको. दाताळंच अडकेल."

"आणि दाताळं अडकलं की?"

"की मी थांबेन."

"ओढणार नाही?"

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आता हेसुद्धा लिहून देऊ का?" मावशी म्हणाल्या, "द्या." त्याने खरंच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि खाली अंगठ्याला चिखल लागलेला असल्याने ठसाही उमटला.

निबंध छापून आला. आभारात प्राचार्यांचं नाव होतं, प्रोत्साहनाबद्दल. परिसराला त्या वर्षी स्वच्छतेचं दुसरं बक्षीस मिळालं.

मावशी आता निवृत्त आहेत. दर तीन महिन्यांनी त्या बसने कॉलेजात येतात, तीन पिशव्या उचलतात, ओव्हन रिकामा मिळण्याची वाट बघत बाकावर बसतात. फाटकावरचा नवा रखवालदार त्यांना ओळखत नाही. तो प्रत्येक वेळी वहीत नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायला लावतो. कारणाच्या रकान्यात त्या 'पाचोळा' लिहितात. तो ते खोडून 'वैयक्तिक' असं लिहितो. आतापर्यंत पाच वेळा झालं आहे.